वाढत्या अंगाचं

माझं माहेर आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावचं, अन् दिलं मला इथं कनेरगाव नाक्याला, शिंप्याच्या घरात. मशीन एक, रान दोन एकर, बैल दोन. आमचे मालक मशीनवर बसायचे, मी काजं करायची, बटनं लावायची, अन् आत्याबाई, म्हणजे आपल्या सासूबाई, सगळ्यावर नजर ठेवायच्या. तू धाकटी सून, तू यायच्या आधीचं सांगून राहिले. चौथी शिकलीस, तर लिहून ठेव, काहून की आत्याबाई सोता कधी सांगणार न्हाईत.

तवा दवाखान्यात एक सिस्टर होत्या. त्यांच्या भावानं नागपूरहून एक मासा आणून दिला होता, नारंगी, बोटाएवढा, काचेच्या बरणीत. बाळंतपणाला निघाल्या तवा बरणी घेऊन आमच्या दारात उभ्या, म्हणल्या, मावशी, एवढी अमानत सांभाळा. काय सांगू तुला, आत्याबाई माळकरी, घरात मासा कधी आला न्हाई, मला वाटलं आता न्हाई म्हणतील, तर त्यांनी दोन्ही हातानं बरणी घेतली अन् इचारलं, खातो काय?

खायचा कणकीचं, अन् वाढायचा. चार महिन्यांत असा वाढला की बरणीत वळताना शेपटी काचेला घासायची, दुमडायची. मालक म्हणले, भांडं ल्हान असलं की मासा ल्हानच राहतो, राहू द्या. आत्याबाईनं दुकानातला टेप उचलला अन् बरणीला बाहेरून लावला. मालक म्हणले, आई, कंबर पण घेती का त्याची? तर म्हणल्या, गप रे. तुझ्याकडं माय पोरगं घेऊन येती, वाढत्या अंगाचं शिवा म्हणती, तवा तू चार बोटं जास्ती कपडा सोडतोस का पोरगं वाढू नये म्हणून तंग शिवतोस? दुकानात गिऱ्हाइकं बसलेली, ती अशी हसली की मालकानं मशीनच जोरात चालवली.

आता भांडं कोणतं, तर मी पुढं झाले. माझ्या माहेरचं तांब्याचं घंगाळ होतं, तोंड चांगलं रुंद. चिंच लावून घासलं, आरशावानी केलं, पाणी भरलं अन् मासा त्यात सोडला. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं, मला वाटलं आत्याबाई खूश होतील. दुपार झाली तर मासा एका कुशीवर, तोंड उघडून राहिला, मिटून राहिला. मी तिथंच बसून रडून राहिले, दुसऱ्याची अमानत अन् माझ्या हातानं चालली.

आत्याबाई रानातून आल्या. रागावल्या न्हाईत. पाण्यात बोट घातलं, जिभेला लावलं अन् म्हणल्या, यात ताक ठेवलं असतंस का गं तू? मी म्हणलं न्हाई, तांब्यात कळकतं. म्हणल्या, मग जे ताकाला सोसत न्हाई ते याला कसं सोसंल? बस, एवढंच बोलल्या. ओंजळीत मासा घेतला अन् पळाल्या बैलाच्या पाण्याच्या दगडी डोणीकडं. तिथं पाण्यातच हात धरून बसल्या, दिवस कलला तरी उठल्या न्हाईत, मग त्यानं पंख हलवला.

गल्ली हसली. दोन बैलाची डोण अन् त्यात एवढासा मासा! आत्याबाई म्हणायच्या, भरंल. मालक बैलाला पाण्यासाठी दोन टाइम नाल्यावर न्यायचे, तोंडानं कुरकुर, पण न्यायचे. वरीसभरात मासा वीतभर झाला.

मग सिस्टर आल्या, कडेवर लेकरू, हातात बादली. बदली हिंगोलीला झालेली. मासा बघून त्यांना काय आनंद झाला! आत्याबाईनं इचारलं, ठेवणार कशात? म्हणल्या, या बादलीतच. आत्याबाई म्हणल्या, मग आज न्हाई देत. मला तर जमीन फाटावी असं झालं, मी पदर ओढून राहिले त्यांचा, अहो ज्याची वस्तू त्याला द्या. म्हणल्या, द्यायचीच हाय, पण जिती द्यायची. उद्या मी घर बघायला येते.

अन् खरंच गेल्या की, मीही संगं. क्वार्टरच्या मागं सिमेटचा हौद. आत्याबाईनं कोपरापर्यंत हात घातला, टेपानं लांबी घेतली, रुंदी घेतली, अन् म्हणल्या, हौद चांगला हाय, पण धुण्याचं पाणी यात उडतं. सिस्टरच्या मालकानं तिथल्या तिथं धुण्याचा दगड उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. पंधरा दिवसांनी आत्याबाई पुन्हा जाऊन बघून आल्या, तवा कुठं मासा दिला. देऊन येताना बसमध्ये नुसत्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

आता माझ्या पोरीला स्थळं येऊन राहिली. मालक इचारतात रान किती, पगार किती. परवा एक स्थळ जमत आलं, तर आत्याबाई म्हणल्या, होकार कळवू नका, मी त्यांच्या घरी दोन दिवस राहून येते. मालक म्हणले, आई, लोकं काय म्हणतील? मी आजवर मालकापुढं कधी बोलले न्हाई, पण म्हणलं, जाऊ द्या त्यांना. गुडघे लई दुखतात आत्याबाईचे. देव त्यांना चालायला बळ देवो. मी त्यांची पिशवी भरून ठेवली.