गव्हाखाली काय होतं

आजच्या सभेच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच विमलताई, जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या कंपनीतर्फे मुंबईहून आलेले प्रमुख पाहुणे संजयसाहेब, सत्कारमूर्ती देवसिंग राठोड, त्यांच्या पत्नी सत्यशीलाताई आणि सोयाबीनची सोंगणी टाकून इथे जमलेल्या फुलसावंगीकर बंधू-भगिनींनो, जफर मास्तरचा सर्वांना नमस्कार.

देवसिंग माझा विद्यार्थी, म्हणून इथेही त्याला अरे-तुरेच करणार आहे. अध्यक्षांनी परवानगी द्यावी. तांड्यावरचा हा मुलगा जहाजाच्या इंजिनखोलीत फिटर झाला आणि आता समुद्राचा निरोप घेऊन घरी आला आहे. त्याचा सत्कार व्हायलाच हवा. पण कशासाठी? पाहुण्यांनी फोन करून मला भाषणाची ओळच सुचवली: 'गव्हाच्या जहाजावर शत्रूचा भ्याड हल्ला आणि आपला शूर खलाशी.' साहेबांचा आभारी आहे. पण आयुष्यभर इतिहास शिकवला ना मी! आयतं वाक्य हाती आलं की ते रचलं कोणी, हे आधी मनात येतं. सवय वाईट आहे, मान्य.

हे जगभर पेटलेलं युद्ध आपण रोज टीव्हीवर पाहतो. देवसिंगच्या जहाजावर ज्या देशाचा झेंडा होता, तो देश तेव्हा कोणाच्याच बाजूने नव्हता. दोन्हीकडे माल विकायचा, दोघांनाही रामराम घालायचा. तिथल्या लोकांनी निवडणुकीत साफ सांगितलं होतं, आम्हाला लढाई नको. पहिल्या महायुद्धात अमेरिकाही अडीच वर्षांहून जास्त काळ अशीच बाजूला उभी होती, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना मीच शिकवलं आहे. आधी व्यापार, मग बुडालेली जहाजं, मग लोकांचा संताप. एवढा धडा आठवत असेल तर पुढचं लवकर कळेल.

बंदरात गहू भरण्याआधी जहाजाच्या तळाशी लांबट पेट्या ठेवल्या गेल्या. देवसिंग आणि त्याचा जोडीदार, रत्नागिरीकडचा साद, तळाची नळी दुरुस्त करायला खाली उतरले होते. एक पेटी फुटलेली होती. आत तोफगोळे होते. त्यांनी कप्तानाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तुम्ही नळी बघा. मग वरून गहू ओतला आणि जहाज निघालं. दर खेपेला सोबत असणारा मालकाचा माणूस मधल्याच बंदरात पोटदुखी सांगून उतरला. पाठोपाठ हुकूम आला, नेहमीचा लांबचा रस्ता सोडा, लढाईच्या किनाऱ्याजवळून जा.

अध्यक्षमहोदया, पोट कुणाचंही दुखतं. रस्ताही बदलू शकतो. मी आरोप करत नाही. फक्त एवढंच विचारतो, दोन्ही एकाच खेपेला का?

ऐन जेवणाच्या वेळी क्षेपणास्त्र लागलं. मारणारेही काही संत नव्हते. पण जहाजात नुसता गहू असता तर आग धुमसत राहिली असती. इथे खालून एकामागून एक स्फोट होत राहिले. देवसिंगने सादला ओढत शिडीपर्यंत आणलं. त्याच्या हातांची दशा तुम्हाला समोर दिसतेच आहे. साद त्या शिडीपाशीच गेला.

परक्या मुलखातल्या इस्पितळात कॅमेरा घेऊन मालकाची माणसं आली. चुकत असेन तर साहेबांनी इथेच थांबवावं, पण त्यांच्यात आपले संजयसाहेबही होते. जहाजात गहूच होता, एवढं बोल, असं त्यांनी समजावलं. सादसाठी तरी बोल, म्हणाले. देवसिंग म्हणाला,

“साद गव्हानं नाही मेला, साहेब. खालतं काय होतं ते मी सांगतो. मंग लावा तुमचा कॅमेरा.”

कॅमेरा लागला नाही. हाताच्या पट्ट्या निघायच्या आत त्याला विमानात बसवून दिलं. बाकीचे खलाशी मात्र बोलले, आणि ते खोटंही बोलले नाहीत. त्यांनी खरंच गहूच पाहिला होता. तेवढंच त्या देशात रात्रंदिवस दाखवलं गेलं, सोबत सादचा फोटो. लोक रस्त्यावर आले. संसदेत मतदान झालं. ज्यांना लढाई नको होती, त्यांचीच पोरं आता गणवेश घालून आघाडीवर चालली आहेत.

देवसिंगने ही बातमी महागावात एका चहाच्या टपरीवर पाहिली. सत्यशीलाताई सांगतात, त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. “माह्या सादचा फोटो दाखवून लेकरं नेऊन राह्यले,” एवढंच म्हणाला. त्यानंतर तो पत्रकारांकडे गेला, अधिकाऱ्यांकडे गेला. सगळ्यांनी चहा पाजला, एकानेही लिहून घेतलं नाही. आणि अचानक हा सत्कार ठरला! खर्च पाहुण्यांचा, शाल पाहुण्यांची, वर मुंबईच्या ऑफिसात बसून करायची नोकरी. एवढं प्रेम का, हे तुम्हीच ठरवा.

आज सकाळी देवसिंग माझ्या घरी आला होता. म्हणाला, “सर, गावचा नारळ घेईन. त्यायची शाल नको, नोकरीबी नको. तुम्हीच सांगा. माह्यानं स्टेजवर बोलनं होत नाही.”

तो निरोप सांगण्यासाठीच मी उभा राहिलो. सभेने शांतपणे ऐकून घेतलं, विमलताईंनी मध्ये घंटी वाजवली नाही, याबद्दल ऋणी आहे. पाहुणे लांबून आलेत, त्यांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये, ही आयोजकांना विनंती. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला.

विमलताई, नारळ तुमच्या हातून द्या.