बारा कॉम्प्युटर, एकच पास

चाकणच्या कंपनीत गेटवर वॉचमन होतो, तेव्हा न केलेल्या खोडीपायी माझी नोकरी चालली होती, राव. ऑफिसातल्या कॉम्प्युटरना अपडेट धाडणाऱ्या मशीनच्या यादीत बारा नव्या कॉम्प्युटरऐवजी एकच दिसायचा, तोही सारखा नाव बदलून. रात्री ऑफिसच्या चाव्या माझ्याकडं, म्हणून कॉम्प्युटरवाल्या साहेबांचा संशय थेट माझ्यावर.

"काका, हा तुमचाच चावटपणा. उद्यापासून येऊ नका."

"साहेब, हे बारा तयार कसे केले?"

"एक केला, बाकीच्यांत त्याचीच नक्कल उतरवली."

"मग बारा जणांनी एकच पास दाखवला, तर माझ्या रजिस्टरात माणूस एकच दिसणार न्हाई का?"

साहेबांनी तपासलं. बाराही मशीनचा ओळख नंबर एकच! हळूच म्हणाले, "मॅनेजरना बोलू नका."

"मी कशाला बोलू? ते तुमच्या मागंच उभे हायेत."

साहेब गर्रकन वळले. मागं कुणीच नव्हतं!