काळा धूर नको

(रुळाच्या वळणावर, कुंपणामागे. मुलगी ट्रायपॉड रोवते आहे. शेजारी घडीच्या खुर्चीत अण्णा, तिचे वडील.)

मुलगी : पाय आत घ्या अण्णा, फोटोत येतायत!

अण्णा : येऊ देत की. तीस वर्षं ह्याच पायांवर उभं राहून त्या इंजिनात कोळसा टाकलाय.

मुलगी : आज नाही! एकच फेरी आहे. संध्याकाळी इंजिन शेडमध्ये जाणार, दुरुस्तीला बॉयलर उतरवणार, मग चार-पाच वर्षं नाव नको. आणि कॅलेंडरचं मुखपृष्ठ माझ्याकडे मागितलंय. माझ्याकडे, अण्णा! हात बघा कसे गार पडलेत.

अण्णा : डोळे असते तर बघितले असते. दे इकडे. अगं, बर्फ झालेत की! ऊन आलं का वळणावर?

मुलगी : आलं, मस्त आलं! आणि गंमत सांगू? फायरमनला सांगून आलेय, वळणावर आलीस की काळा धूर सोड. असा आभाळभर!

अण्णा : आलीस? फायरमन बाई आहे?

मुलगी : हो, पंचविशीची आहे. भलती हौशी.

अण्णा : वा! आणि तिला तू स्वतःच्याच तोंडाला काळं फासायला सांगितलंस.

मुलगी : अहो, फोटोत तोच उठून दिसतो!

अण्णा : काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. फायरमनला काम येत नाही, अशी दवंडी पिटत जातं इंजिन. आपलं घर रुळाला लागून होतं ना? तुझी आई माझी पाळी असली की चादरीसुद्धा बाहेर वाळत घालायची. दुसरा कुणी असला की लगबगीने सगळं घरात.

मुलगी : आई मला कधी बोलली नाही हे.

अण्णा : तुला काय बोलणार, तू त्या चादरींत लपून बसायचीस. माझी सगळी अब्रू त्या दोरीवर होती.

मुलगी : आणि माझं मुखपृष्ठ? कॅलेंडरवाल्यांना काळाच धूर हवाय, तसं बजावलंय मला.

अण्णा : मग काढ बापडी. फक्त मला आधी मोटारीत नेऊन बसव.

मुलगी : घ्या! ऐन वेळेला रुसा तुम्ही! ...थांबा. अजून स्टेशनातच असतील. हॅलो?

फायरमन (फोनवर) : बोला ताई! कोळसा रचून ठेवलाय. असा काळा काढते की बघत राहाल!

मुलगी : त्याचंच... तू माझ्या वडिलांशी बोल. ह्याच इंजिनावर फायरमन होते.

फायरमन : अगं बाई! नमस्कार काका!

अण्णा : नमस्कार. हे बघ बाळ, ढीग ओतू नकोस. अर्धंच फावडं, पण पुन्हा पुन्हा. मध्ये भट्टीचं दार जरासं किलकिलं ठेव, हवा खाऊ दे आगीला. आणि मागचा डावा कोपरा सांभाळ, तिथं ती कायम उपाशी असते.

फायरमन : डावा कोपरा! तरीच! महिनाभर डोकं आपटतेय मी! काका, खरं सांगू? काळा काढायची लाज वाटते मला. पण सगळे फोटोवाले तोच मागतात.

मुलगी : मी नाही मागत. ऐकलंस? काळा नको.

फायरमन : खरंच? सुटली गाडी, ठेवते!

अण्णा : मुखपृष्ठ गेलं तर गं?

मुलगी : तर तुमच्या उशाशी बसून दोन दिवस रडेन. भोगा.

अण्णा : शू! पुलावर आली.

मुलगी : कुठे? काहीच ऐकू येत नाही.

अण्णा : चढ लागला बघ. ठोके कसे देतेय, एकसारखे! शाबास गं पोरी! आता झाडांमागे... तयार राहा... आता!

मुलगी : आली! अण्णा, आली! अहो, काय दिसतेय! वाफेतून ऊन... बोलू नका, बोलू नका... अजून एक... मिळाला! मिळाला मला!

अण्णा : आणि धूर? खरं सांग हं. धूर कसा होता?

मुलगी : आईने आज चादरीसुद्धा वाळत घातल्या असत्या, अण्णा.