दर पंधरा मिनिटांनी हसा

नाही, मले सांगा, माणसानं दर पंधरा मिनिटांनी हसावं काहून? खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं काढली मी, या देवरावले हसताना कोणी पाहिलं नाही, आणि दवाखान्यात अपेक्षा नावाची सिस्टर घड्याळ पाहून येई अन् म्हणे, "काका, हसून दाखवा"...

तुम्हाले सुरुवातीपासून सांगतो. नंदनवन वस्तीतल्या घरी सकाळचा चहा पिऊन राहिलो होतो, तर चहा तोंडाच्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर. बायकोले म्हणालो, "इंदू, कप फुटका हाये वं." म्हणजे मी तेच म्हणालो, तिले भलतंच ऐकू गेलं, जीभच वळत नव्हती न... तिनं पाहिलं आणि म्हणते, "हसून दाखवा." लग्नाले एकोणचाळीस वर्षं झाली, आता सुचलं हिले? हसलो, तर तोंड गेलं एकीकडं, आणि उजवा हात उचलतो म्हटलं तर तो माझा राहिलाच नव्हता.

शेजारचा ऑटोवाला कृष्णकांत आला, म्हणे, "वारं गेलं अंगावरून वैनी, गरम तेलानं मालिश करू, दुपारपर्यंत पाहू." इंदू म्हणाली, "माह्या बाबाले असंच दुपारपर्यंत पाहिलं होतं भाऊ. सहा वर्षं खाटेवर होते. ऑटो काढा. जवळचा दवाखाना नको, लकव्याचा वेगळा वॉर्ड हाये तिथं चला." आणि रस्ताभर माझा तो हात तिनं धरून ठेवला. मले त्या हातात काही कळत नव्हतं, तिनं धरला हाये तेवढं दिसत होतं.

डॉक्टरनं पहिलं काय विचारावं? "किती वाजता सुरू झालं?" इंदू म्हणे, "सात दहा." मग धावपळ पाहा... मेंदूचा फोटो, रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन, आणि मग दर पंधरा मिनिटांनी ती सिस्टर, हसून दाखवा. हात वर करा, महिना सांगा, हसून दाखवा. पाणी मागितलं तर आधी चमचाभर गिळायची परीक्षा, नाहीतर म्हणे छातीत जाईल...

सहाव्या की सातव्या खेपेले तोंड सरळ हसलं. इंदू रडायले लागली. मी म्हणालो, "रडते काहून?" तर ते शब्द स्पष्ट निघाले, म्हणून आणखी रडली.

आता घरी हाये. व्यायामवाली मोनाली म्हणाली, "काकांच्या बोटांले रोज काम द्या." इंदूनं ते फारच मनावर घेतलं... तुमच्याशी बोलता बोलता पाच किलो तुरीच्या शेंगा सोलून राहिलो मी, आणि त्यातल्या तीन किलो अजून बाकी हायेत.