आयुधपूजेत बसवलेलं भिंग

...आणि वर मलाच विचारतात, "रघू, एवढा जर्मनीला जाऊन शिकलास आणि आपोआप फोकस करणारी लेन्स नाही मिळाली होय तुला?" नाही मिळाली होय! अहो, मिळाली होती! कॅमेऱ्याच्या खोक्यातच होती, मीच ती काढून कपाटात ठेवली! तुम्हाला सांगतो, कॅमेरा माझा आजचा, अगदी अलीकडचा, पण भिंग पन्नास वर्षांपूर्वीचं, पूर्व जर्मनीतलं, वीस मिलिमीटरचं, म्हणजे अख्खी खोली एका घासात गिळणारं! ड्रेस्डेनच्या जुन्या बाजारात मला ते मिळालं तेव्हा मी ते हातात धरून असा उभा राहिलो की विकणाऱ्या आजोबांना वाटलं, याला बरं वाटत नाहीये. नुसता धातू आणि काच! आत मोटर नाही, चिप नाही. कॅमेऱ्याला तर कळतसुद्धा नाही की आपल्या तोंडावर काहीतरी बसलंय, तो बिचारा पडद्यावर लिहितो, 'लेन्स लावलेली नाही'. मी म्हणतो, तू गप्प बस, मी बघतो. फोकस हातानंच!

हट्ट? असू दे हट्ट! पण मला सांगा, फोन काय करतो? खिशातून काढला, दाबलं, झालं, आणि समोर कोण होतं ते आपण नंतर बघतो. इथे भिंगावरचं कडं फिरवायचं, माणूस धूसर, अजून फिरवायचं, अजून धूसर, आणि मग हळूहळू भुवई येते, डोळा येतो, डोळ्यातलं पाणी येतं... तोपर्यंत त्या माणसाकडे बघावंच लागतं हो, दुसरा इलाजच नाही! जग याच्यामुळे सुधारेल असं माझं प्रामाणिक मत आहे. हसा. आमच्या घरीही हसतात.

आमचं घर म्हणजे बेंगळुरूचे जुने मराठी. चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून आलेले, आता होसूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसलेले. बोम्मसंद्राला आमची लेथची शेड. अप्पा, म्हणजे माझे वडील हणमंतराव, आणि चिक्कप्पा, म्हणजे माझे धाकटे काका नरसिंहराव, दोघांनी मिळून काढलेली. मग दोघांचं बिनसलं आणि शेडच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. पण मधोमध काय? तर दोघांनी घेतलेला पहिला लेथ! भिंत त्याच्या या बाजूनं की त्या बाजूनं? यावर असे भांडले, असे भांडले, की शेवटी गवंड्यानं दोन्हीकडून लेथपर्यंत भिंत आणली आणि लेथ तसाच मध्ये सोडून तो निघून गेला. आजही तसंच आहे! भिंत, मग लेथ, मग पुन्हा भिंत. आणि त्या फटीतून, तुम्हाला सांगतो, दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांना बघतात आणि बोलत नाहीत. बोलायचं असलं तर मध्ये आमची तुंगाअत्या, दोघांची थोरली बहीण.

"अक्का, त्याला सांग, त्याच्याकडचं पाणी माझ्या बाजूला येतंय."

"हणमंता, नरसू म्हणतो, पाणी येतंय."

"अक्का, त्याला सांग, उतार तिकडे आहे त्याला मी काय करू!"

अहो, दोन हातांवर उभा आहे तो! ऐकू येतंय त्याला!

वर्षातून एकदाच दोघं त्या लेथपाशी येतात, आयुधपूजेला. पूजा एकत्र, चुरमुरे एकत्र, मग सगळ्यांचा एक फोटो. आणि प्रत्येक फोटोत अप्पा या टोकाला, चिक्कप्पा त्या टोकाला, मध्ये सगळं खानदान. यंदा चिक्कप्पांनी आपली बाजू विकली. पूजा झाली की रात्रीच्या गाडीनं कायमचे धारवाडला, मुलीकडे. म्हणजे हा शेवटचा फोटो! मी ठरवलं, शेवटच्या फोटोत दोघं मध्ये, शेजारी शेजारी, स्वच्छ दिसले पाहिजेत. शेड अरुंद, मागे सरकायला जागा नाही, मग कोण लागणार? माझं भिंग! अत्याचा मुलगा विनोदकुमार, एचएसआर लेआउटमध्ये कुठल्याशा स्टार्टअपला आहे, तो फोन नाचवत म्हणाला, "रघू, याच्यात वाइड आहे की! एका सेकंदात सगळे!" मी म्हटलं, तुझा एक सेकंद तुझ्याकडे ठेव. फोकस हातानंच!

आता ऐका मी काय करून बसलो ते. सकाळी सगळे आपापलं आयुध लेथपाशी मांडत होते. अप्पांचा कॅलिपर, चिक्कप्पांचे पाने, विनोदनं लॅपटॉप आणला. मला काय भरून आलं! मी म्हटलं, माझंही आयुध आहे की! आणि मोठ्या भक्तिभावानं कॅमेरा ठेवला, भिंग वर करून, झाकण काढून. अत्यानं हळद वाहिली, फूल वाहिलं, आणि मग अंगठा कुंकवात बुडवून... अय्यो! थेट काचेवर! पन्नास वर्षं जपलेल्या काचेवर! मी रुमाल काढून धावलो तर म्हणाली, "देवाचं कुंकू पुसतात होय रे कुठे?" आणि पुढे म्हणाली, "आता हात लावायचा नाही. पूजेतलं आयुध उद्या दसऱ्याला उचलायचं."

उद्या! मला लहानपणापासून माहीत आहे हो हे! आमच्याकडे त्या दिवशी कुणी साधा स्क्रू पिळत नाही! पण इतकी वर्षं लांब राहिलो आणि नेमकं हेच विसरलो. "अत्या," मी म्हटलं, "चिक्कप्पा आज रात्री चाललेत!"

"मग? शेड दोघांची, आयुधं दोघांची. दोघं हो म्हणाले तर उचल."

आला का पुन्हा तोच घोळ?

"अक्का, त्याला विचार, आयुध उचललेलं चालेल का."

"अक्का, त्याला सांग, थोरला तो आहे, त्यानं ठरवावं."

"अक्का, त्याला सांग, आत्ता आठवलं होय, मी थोरला ते!"

शेवटी अत्याच ओरडली, "दोघांचंही सरी, होच समजते! उचल रे रघू! पण कुंकू तसंच राहील!"

राहू दे! मी उचलला. मग एक युक्ती केली. अप्पांना बाजूला घेऊन म्हटलं, "या भिंगात कडेची माणसं पसरट येतात, मागच्या वर्षी विनोदच्या फोटोतही कडेला कसे भोपळ्यासारखे दिसत होता." चिक्कप्पांनाही तेच, वेगळं गाठून. खोटं नाही हो, वीस मिलिमीटरच्या कडेला माणूस ताणला जातोच! दोघंही मिशा नीट करत मध्यभागी आले आणि बघतात तर काय, मध्यभाग एकच! बाकावर बसले. असे बसले, की मध्ये अजून एक भिंत बसेल!

मी डोळा लावला. आमच्या कॅमेऱ्यात जे फोकसमध्ये येतं त्याच्या कडा लाल चमकतात. आणि समोर कुंकू! लाल काय फोकसचं आणि लाल काय कुंकवाचं, काही कळेना! कडं फिरवतोय, तर ते जुनं, आतलं वंगण वाळलेलं, फिरतंय कुठे? मागे मुलं रडतायत, विनोद म्हणतोय, "मी फोनवर घेऊ?", अत्या म्हणतेय, "अरे, गाडी चुकेल त्याची!" मी घामाघूम. पण मी म्हटलं, नाही! फोकस हातानंच!

आणि माझे ते हात बघून चिक्कप्पांना राहवेना. "आटे धरलेत त्याचे," म्हणाले, "स्वल्प ग्रीस पाहिजे."

"ग्रीस?" अप्पा म्हणाले. "एवढ्या बारीक आट्यांना ग्रीस? मशीन ऑइल, एक थेंब!"

"ऑइल काचेवर उतरेल की!"

"तुझं उतरेल! तू कधी मोजून घातलंयस?"

"पहिल्या लेथला ऑइल कोण घालत होतं? तू?"

अत्यानं सवयीनं तोंड उघडलं, "हणमंता, नरसू म्हणतो की..." आणि तशीच थांबली. चुरमुऱ्यांची मूठ हातातच राहिली. कारण हणमंतानं ऐकलं होतं! नरसूनं थेट त्यालाच सांगितलं होतं! ते दोघं एकमेकांकडे वळून, मांडीवर थापा मारत, तोंडाला तोंड देत भांडत होते. तेवढ्यात कडं एकदाचं हललं, धूसर... धूसर... आणि मग आल्या दोन नाकांच्या कडा, समोरासमोर, लख्ख. माझेच डोळे भरले, पण बोट विसरलं नाही. दाबलं!

आता फोटो बघा. बाकी सगळं खानदान फोटोबाहेर कुठेतरी बघतंय, अत्याचं तोंड उघडं, विनोद त्याच्याच फोनमध्ये, आणि सगळ्यांवर कुंकवाची एक लाल धुई पसरलेली, त्यातली जरा जास्तच चिक्कप्पांच्या मिशीवर. मी म्हणतो, आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो! मोठा करून, चौकट करून एक आमच्याकडे लावला, एक धारवाडला पाठवला.

तेव्हापासून चिक्कप्पा रोज फोन करतात. अत्याला नाही, थेट अप्पांना! "हणमंता, तुझ्या मिशीचा केस न् केस मोजता येतो आणि माझी पुसट! मुद्दाम केलं पोरानं!" अप्पा म्हणतात, "माझं नाक बघ, पाना लटकवावा एवढं आलंय! माझं काय मुद्दाम नाही केलं?" तासभर चालतं. कसल्या कसल्या गोष्टी निघतात, ऑइल निघतं, ग्रीस निघतं, भिंत निघते, हसतात काय, शिव्या देतात काय... मी शेजारी बसून कडं साफ करत ऐकतो. भिंग बदलणार नाही, हे लिहून घ्या! पण तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत त्या दोघा भावांचं एका गोष्टीवर अखेर एकमत झालं, आणि ते म्हणजे, पोराला फोटो काढता येत नाही.