फेब्रुवारीत बाई नसतात

— नाही, रडणार नाही ती. तुमच्या शेजारच्या खुर्चीत ठेवलीय ना, उशी लावून? राहू द्या. मी पडते कोचावर. आज पोरीला सांभाळायला कुणीच नव्हतं, म्हणून आणली — डारियो बेकरीत, सासूचे पाय सुजलेत या उकाड्याने. डारियो तर हसतोच मला. म्हणतो, "यामिला, नुसतं पडून बोलायला दोन बस बदलून जातेस? घरीच पड की, मी बसतो मागे गप्प." मी म्हटलं, तू आणि गप्प? झोपेतसुद्धा रेफरीला शिव्या घालतोस!

तर ते फेब्रुवारीचं, बाई. महिनाभर बंद म्हणालात. ठाऊक आहे हो, ब्वेनोस आइरेसमधले सगळेच मनाचे डॉक्टर फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, समुद्रावर जातात, आणि अख्खं शहर आपापलं वेड आपणच सांभाळत बसतं. मी रागावले नाही. खरंच नाही. तर तुम्ही विचारलंत, "कुणावर रागावला नाहीत?" — हे तुमचं असंच! इथे येऊन माणूस जुन्याच कुणाशी तरी बोलत असतं म्हणे, ऐकायला तुम्ही असलात तरी. असेल. मी सातवी शिकलेली, मला काय कळणार. पण एक सांगू? माझ्या आधीचा पेशंट गेला की तुम्ही उशीवरचा रुमाल बदलता. दाराबाहेर ऐकू येतं — फट्! — झटकल्याचं. आई तश्शीच चादर झटकायची. सुट्टीच्या हंगामात तिकडे समुद्रावर, मार देल प्लाताच्या हॉटेलात पलंग आवरायची ना ती. तो आवाज आला की काटा येतो अंगावर. मग मी इथे पडते, मागे बघायचं नाही, तुमचा श्वास तेवढा ऐकू येतो — आणि वाटतं, वळले तर तीच बसलेली असेल. केस पिकलेली. म्हणून वळत नाही. आणि वळले आणि ती नसली तर? — म्हणूनही नाही.

तीही फेब्रुवारीतच गेली. सांगितलंय ना मी? शेजारच्या नॉर्मामावशीच्या स्वयंपाकघरात बसवलं मला, पुढ्यात दुधाचा पेला ठेवला, म्हणाली, "हे थंड होईस्तोवर आले." दुधावर साय धरली. मी ती कुणाला मोडू देईना. मावशी म्हणायची, "पी गं पोरी आता." मी म्हणायची, गरम आहे अजून. दिवे लागले तरी म्हणत होते, गरम आहे अजून.

आयलेन गप्प का? झोपली? ...अहो, ती कुणाकडे जात नाही! उचललीत तुम्ही? मांडीवर? चोखल्याचा आवाज येतोय — बोट चोखतेय तुमचं? बरं. बरंच झालं, ओळख झाली. पिशवी तिथेच आहे, तुमच्या पायाशी. दुपट्याखाली बाटल्या आहेत. फ्रॉक आहेत. तिचं अस्वल आहे, त्याच्याशिवाय झोपत नाही ती. स्वेटर आहे — लोकरीचा, हो. ...कशाला म्हणजे? बाळाचं काही सांगता येतं का, एकदम गार वारं सुटलं तर — हो, उकडतंय. कळतंय मला, उकडतंय. पण पुढे थंडी येईलच की. सगळंच पिशवीत भरलंय म्हणून काय झालं? मी फक्त खाली जाऊन येणार होते, बाई. कोपऱ्यावर. तिथून स्टँड जवळ, मार देल प्लाताच्या गाड्या सुटतात — नुसतं बघून येणार होते. तुम्ही असताना तिला काय होणार होतं? तुम्ही त्या खुर्चीतून कधी उठतच नाही. आणि ती मांडीवर असती तर तुम्हालाही कुठे जाता आलं नसतं, समुद्रावर नाही, कुठेच नाही. आणि मी काय, दूध थंड होईस्तोवर —

काय म्हणाले मी?

नाही. मी नाही म्हणाले ते. ती म्हणाली.

...आज इथेच थांबूया? हे तुमचं नेहमीचंच, नेमकं नको तिथे तोडायचं! बरं. थांबूया तर थांबूया. उठते. वळतेय हं मी — वळले.

चष्मा आहे तुम्हाला. आईला नव्हता.

द्या तिला. आयलेन, ये. ये ना गं. अगं, गळ्यातली साखळी सोड त्यांची — कशी मूठ आवळलीय बघा. सोड, राणी. बाईंना जायचंय. सोड म्हणते ना.

ही आपली आई नाही.