नेटिव्ह आहात का?

...आणि हाही तेच विचारतो, नेटिव्ह आहात का? तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे केले, साहेब आले नि गेले, माझा स्वल्पविराम कुणी हलवला नाही, आणि निवृत्तीनंतर इंटरनेटवर इंग्रजी लेखनाची कामं घ्यावीत म्हटलं, तर पहिल्याच गिऱ्हाइकाचा पहिलाच प्रश्न, नेटिव्ह आहात का? आता नेटिव्ह म्हणजे मूळ गाव, सगळ्या फॉर्मांवर आपण तेच लिहीत आलो ना? गावाचं नाव कळवलं, टपालाचं ठिकाण कळवलं, शिवाय वस्ती अडीचशे घरांची... उत्तरच नाही!

मग मुलीनं समजावलं, "बाबा, ते विचारतायत, इंग्रजी तुम्ही आईच्या पोटातून शिकून आलात का." आता आमची आई घरच्या भाषेतसुद्धा दिवसाला चार वाक्यं बोलायची, त्यातली तीन वडिलांवर डाफरण्यात जायची! आजोबांना गोऱ्या साहेबानं नेटिव्ह आहेस म्हणून दाराबाहेर उभं केलं, मला नेटिव्ह नाही म्हणून. दार तेच हो, पाटी तेवढी उलटी.

बरं, तिथं आधीच्या गिऱ्हाइकाच्या अभिप्रायाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अभिप्राय नाही. शेवटी विलायतेतला एक छत्रीवाला भेटला, सात पिढ्यांचा अस्सल नेटिव्ह. त्याच्या चाळीस छत्र्यांची वर्णनं लिहून दिली, एका अभिप्रायाच्या आशेवर. खूश झाला, पाच तारे दिले, स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या... चार ओळींत सहा चुका! 'रायटिंग'मध्ये दोन टी! माझा हात शिवशिवला, पण दुसऱ्याचा अभिप्राय दुरुस्त करायची तिथं सोय नाही. ही म्हणाली, "अहो, कौतुक केलंय ना त्यानं? मग गप बसा की." बसलो.

आणि काल हे गिऱ्हाईक आलं, वर्षभराचं काम घेऊन. नेटिव्ह आहात का? म्हटलं, नाही, पण छत्रीवाल्याचा अभिप्राय वाचा, तो आहे. वाचला त्यानं. आज सकाळी उत्तर आलं : "हा अभिप्राय तुम्हीच लिहिलेला दिसतो. नेटिव्ह माणूस अशा चुका करत नाही."

छत्रीवाल्याला मी कळवलं नाही. सात पिढ्यांचा नेटिव्ह, चार ओळींत परका झाला, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि सांगायचं तर इंग्रजीतच सांगावं लागणार... माझ्या इंग्रजीवर विश्वास कोण ठेवतो?